ओ-प्लस आणि नायट्रोजनची एवढी मंद रिअ‍ॅक्शन लॅबमध्ये मोजतात तरी कशी?

निशाचर

नमस्कार मंडळी, सध्या आयनोस्फिअरच्या (म्हणजे वरच्या हवेतला, सूर्यप्रकाशाने चार्ज झालेल्या कणांचा भाग) केमिस्ट्रीवर जमेल तसं वाचतोय आणि एका आकड्यापाशी गाडी अडलीय. एक इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा अणू, म्हणजे ओ-प्लस, एन-टू रेणूवर आदळला की एनओ-प्लस आणि नायट्रोजनचा सुटा अणू तयार होतो, इथपर्यंत समजलं. याचा रेट कॉन्स्टंट जिकडे बघावं तिकडे १.२ × १०^-१२ घन सेंमी प्रति सेकंद असा दिलेला असतो आणि त्याच कोष्टकात बाकीच्या कितीतरी आयन रिअ‍ॅक्शन १०^-९ च्या घरात असतात, म्हणजे ही बिचारी हजारपट मंद!

तर शंका अशी की ३०० किमीवर एका घन सेंमीत जेमतेम १०^९ कण असतात म्हणे, इतकी विरळ हवा खाली लॅबमध्ये कुठून आणणार, आणि नाही आणली तर दाट गॅसमध्ये मोजलेला आकडा वर कसा काय चालतो? आणि दुसरं म्हणजे हजार टकरांमध्ये एकदाच काहीतरी घडतं, मग बाकीच्या गोंधळातून ते एकच वेगळं काढतात कसं? कुणीतरी जरा इस्कटून सांगा. गणित चालेल पण फार जड नको.

फ्लोट्यूबवाला

आमच्या जुन्या धंद्याचा विषय काढलात, आता थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी दाट-विरळचं बघू. रेट कॉन्स्टंट हा प्रत्येक भेटीमागचा हिशोब आहे. दोनच कण भेटून रिअ‍ॅक्शन होत असेल तर आजूबाजूला गर्दी किती आहे याने फरक पडत नाही, गर्दीने फक्त भेटी वाढतात. त्यामुळे लॅबमध्ये १०^१६ कण प्रति घन सेंमी असले तरी आकडा तोच. तिसरा कण लागणाऱ्या रिअ‍ॅक्शन मात्र दाबावर अवलंबून असतात, त्यांचं लफडं खाली ६० ते ९० किमीच्या डी थरात सुरू होतं. ३०० किमीवर तीन कण एकाच वेळी भेटतील ही आशाच सोडा.

आता मोजायचं कसं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या लॅबमध्ये एल्डन फर्ग्युसन, फ्रेड फेसेनफेल्ड आणि आर्ट श्मेल्टेकोफ या तिघांनी फ्लोइंग आफ्टरग्लो नावाची पद्धत काढली. साधारण मीटरभर लांब आणि ८ सेंमी व्यासाची स्टीलची नळी, एका टोकाने हेलियम सोडायचा, दुसऱ्या टोकाला भलामोठा रूट्स पंप, आत दाब टॉरच्या (टॉर म्हणजे साध्या हवेच्या दाबाचा ७६०वा भाग) निम्म्यापेक्षा थोडा कमी आणि हेलियम सेकंदाला १०० मीटरच्या आसपास धावतोय. सुरुवातीलाच इलेक्ट्रॉन गन किंवा मायक्रोवेव्ह डिस्चार्जने हेलियमचे आयन करायचे, थोडं पुढे चिमूटभर ओ-टू सोडायचा, हेलियम-प्लस त्याला फोडून ओ-प्लस देतो. हे ओ-प्लस पुढे वाहत जाताना हेलियमला हजारो वेळा आपटतात, त्यामुळे अंगातली जादा एनर्जी उतरून नळीच्या तापमानाला येतात. मग मध्ये एका इनलेटमधून एन-टू सोडायचा, आणि नळीच्या शेवटी मिलिमीटरहून लहान भोकातून थोडा गॅस ओढून क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरने (आयन वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र) १६ मास म्हणजे ओ-प्लस किती उरलाय ते बघायचं.

यातली खरी हुशारी अशी, की आयन किती आहेत हे कुणालाच माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते! आयन सतत भिंतीकडे पसरून मरत असतात, भोकातून किती टक्के आत आले देव जाणे, मास स्पेक्ट्रोमीटरची संवेदनशीलता रोज वेगळी. पण बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून फक्त एन-टूचा फ्लो बदलला तर भिंतीवरचा लॉस प्रत्येक रीडिंगमध्ये सारखाच असतो आणि गुणोत्तर काढताना तो निघून जातो. सिग्नलचा लॉग घ्या, एन-टूच्या फ्लोसमोर मांडा, सरळ रेष येते, तिच्या उतारातून रेट कॉन्स्टंट. वेळ घड्याळाने मोजायचा नाही, नळीतल्या अंतराला वेगाने भागायचं. फक्त एक मेख आहे, आयन नळीच्या मधोमध जास्त असतात आणि तिथे गॅस सरासरीपेक्षा जोरात पळतो, त्यामुळे नुसता सरासरी वेग घातला तर उत्तर चुकतं, ती करेक्शन करावीच लागते.

आता तुमचा मंदपणाचा मुद्दा. नळीत वेळ मिळतो समजा १० मिलिसेकंद. सिग्नल एक विसांशावर आणायचा तर रेट × घनता × वेळ हा गुणाकार ३ च्या आसपास हवा. १०^-१२ साठी एन-टू लागेल ३ × १०^१४ प्रति घन सेंमी, म्हणजे हेलियमच्या शंभराला दोन. आरामात जमतं. १०^-९ वाल्या रिअ‍ॅक्शनला याच्या हजारावा भाग पुरतो, तिथे उलट एवढा बारीक फ्लो मोजताना नाकी नऊ येतात. म्हणजे मंद रिअ‍ॅक्शन घडवणं सोपं आहे हो, तिच्यावर विश्वास ठेवणं अवघड. कारण तुमच्या एन-टूमध्ये दहा हजाराला एक पाण्याचा रेणू असेल तर पाण्याची ओ-प्लसशी रिअ‍ॅक्शन २ ते ३ × १०^-९, म्हणजे एन-टूच्या दोन हजारपट वेगवान. मांडून बघा, तेवढ्याशा ओलाव्याने रेट पाव हिश्शाने फुगतो आणि ग्राफ मात्र अगदी सरळ, गुळगुळीत, देखणा येतो! ग्राफ बघून काही कळत नाही.

खवचट_खगोल

छान लिहिलंय पण हे सगळं खोलीच्या तापमानाचं झालं. ३०० किमीवर गॅसच १००० केल्विनच्या आसपास असतो, उन्हाळ्यात सूर्य तापलेला असेल तर आणखी वर. मग ३०० केल्विनला मोजलेला आकडा घेऊन मॉडेल चालवायचं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसेच की. आणि केमिस्ट्रीत तापमान वाढलं की रेट वाढतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल, म्हणजे वर ही रिअ‍ॅक्शन मंद राहतच नसेल.

फ्लोट्यूबवाला

@खवचट_खगोल, शाळेतल्या पोराला इथे जरा थांबवा. आयन आणि रेणू यांच्यात लांबूनच ओढ असते, आयनचा चार्ज रेणूतले इलेक्ट्रॉन थोडे सरकवतो आणि दोघं जवळ येतात. त्यामुळे बऱ्याच आयन रिअ‍ॅक्शनला अडथळाच नसतो, आणि जी वरची मर्यादा आहे, लँजेव्हिन रेट म्हणतात तिला, ती तापमानावर अवलंबूनच नसते. ओ-प्लस आणि एन-टूसाठी ती १०^-९ च्या जरा खाली येते. आपली रिअ‍ॅक्शन तिच्या हजाराव्या भागावर आहे आणि गंमत म्हणजे ३०० केल्विनपासून तापवत नेलं तर सुरुवातीला रेट आणखी घटतो. कारण दोघं एकमेकांना चिकटून जितका वेळ राहतील तितकी आतली उलथापालथ व्हायची शक्यता जास्त, आणि तापमान वाढलं की तो सहवासच कमी होतो. १००० केल्विनच्या आसपास तळ गाठतो आणि मग वर चढायला लागतो.

हे कळलं कसं, तर दोन वाटांनी. एक म्हणजे फ्लो-ड्रिफ्ट ट्यूब, यात नळीच्या लांबीभर इलेक्ट्रिक फील्ड लावून आयनला ढकलायचं, आयन तापल्यासारखा वागतो पण एन-टू मात्र गारच. दुसरी वाट आडदांड आहे, अख्खी नळीच तापवायची. अमेरिकन हवाई दलाच्या रिसर्च लॅबमध्ये अल्बर्ट व्हिजियानो यांच्या ग्रुपने १९९० च्या दशकात हाय टेम्परेचर फ्लोइंग आफ्टरग्लो चालवलं, ते १८०० केल्विनपर्यंत जायचं. स्टील तिथे टिकत नाही, सिरॅमिक किंवा क्वार्ट्झची नळी लागते.

मजा दोन्हीची तुलना करताना येते. एकूण एनर्जी सारखी ठेवली तरी साधारण १२०० केल्विनच्या वर तापवलेल्या नळीतला रेट ड्रिफ्ट ट्यूबच्या पुढे जायला लागतो. फरक कशाचा? तापलेल्या नळीत एन-टूचा रेणू कंप पावत असतो, ड्रिफ्ट ट्यूबमध्ये नाही. ही कंपनाची भानगड श्मेल्टेकोफ मंडळींनी १९६८ सालीच पकडली होती, त्यांनी एन-टू आधी डिस्चार्जमधून काढला म्हणजे तो आतून कंप पावतोय पण हलतोय खोलीच्याच तापमानाने, आणि कंपनाचं तापमान ६००० केल्विनच्या आसपास गेलं तेव्हा रेट जवळपास ४० पट झाला. त्यामुळे तुमचा आक्षेप अगदीच फेकून द्यायचा नाही, चुंबकीय वादळाच्या दिवसांत वरचा एन-टू जास्त कंप पावत असेल तर रेट खरंच वाढतो आणि इलेक्ट्रॉन घटतात.

रसायनी_ताई

वाखुसा (वाचनखूण साठवली)! फ्लोट्यूबवाल्यांनी एन-टूवर भागवलं, तो सिलिंडरमध्ये मिळतो म्हणून. वरच्या हवेत सगळ्यात जास्त सापडणारा कण म्हणजे सुटा ऑक्सिजनचा अणू, आणि तो कुठल्याही सिलिंडरमध्ये मिळत नाही, भिंतीला लागला की जोडी जमवून मोकळा. एन-टू-प्लस आणि ओ मिळून एनओ-प्लस देतात ती रिअ‍ॅक्शन (साधारण १.४ × १०^-१०) मोजायची तर ओ आधी बनवायला लागतो आणि त्याहून कठीण म्हणजे किती बनला ते सांगायला लागतं.

यावरची युक्ती मला फार आवडते. नायट्रोजन मायक्रोवेव्ह डिस्चार्जमधून काढला की थोडे एन अणू सुटे होतात आणि काचेच्या नळीत पिवळा-नारिंगी उजेड पडतो. आता त्यात हळूहळू एनओ सोडायचा. एक एन आणि एक एनओ मिळून एन-टू आणि एक ओ, अगदी एकास एक. उजेड पिवळ्यावरून जांभळा-निळा होत जातो, आणि ज्या क्षणी शेवटचा एन संपतो त्या क्षणी नळी चक्क विझते, काळोख. आणखी एनओ सोडला की फिकट हिरवट-पिवळा उजेड येतो, तो जादाचा एनओ आणि ओ यांचा. म्हणजे जिथे काळोख झाला त्या पॉइंटला जेवढा एनओचा फ्लो होता तेवढाच तुमच्याकडे ओ आहे. खोलीतले दिवे घालवून, सुईएवढा व्हॉल्व्ह दोन बोटांनी केसभर फिरवत हा काळोख शोधायचा असतो आणि दोन माणसं बसवली तर दोघांचा काळोख थोडा वेगळ्या जागी येतो. सुट्या अणूंच्या रिअ‍ॅक्शनचे आकडे वाचताना एरर बार मोठे दिसतात ते उगाच नाही.

निशाचर

बाप रे, सगळ्यांना दंडवत. ताई तो काळोखाचा प्रकार भारीच आहे. आता एक सांगा, हा आकडा १०^-१२ ऐवजी १०^-९ असता तर प्रत्यक्षात काय बिघडलं असतं? म्हणजे मॉडेलमध्ये कुठेतरी दशांश बदलणार एवढंच की आणखी काही?

अनुस्वार

हा माझा प्रांत, मी लॅबवाला नाही, आयनोस्फिअरची मॉडेलं चालवतो, म्हणजे या लोकांनी घाम गाळून काढलेले आकडे आयते वापरतो :)

बिघडलं असतं म्हणजे रात्रीचा एफ थरच (आयनोस्फिअरचा वरचा, शॉर्टवेव्ह रेडिओलहरी परतवणारा थर) राहिला नसता. बघा कसं, ओ-प्लसला इलेक्ट्रॉन थेट गिळता येत नाही असं नाही पण एनर्जी टाकायला प्रकाशच सोडावा लागतो आणि ते फार क्वचित घडतं, १०^-१२ च्या घरात, आणि वर इलेक्ट्रॉनही फार नसतात. रेणूच्या आयनचं तसं नाही, एनओ-प्लसला इलेक्ट्रॉन मिळाला की तो सरळ फुटून एन आणि ओ होतो, एनर्जी दोन तुकडे वाटून घेतात. याला डिसोसिएटिव्ह रिकॉम्बिनेशन म्हणतात, आयनोस्फिअरमध्ये हेच चालत असणार असं बेट्स आणि मॅसी यांनी १९४७ मध्ये मांडलं आणि नंतर पिट्सबर्गला बियोंडींच्या लॅबमध्ये मायक्रोवेव्हने इलेक्ट्रॉन मोजून आकडे आले, एनओ-प्लससाठी ३०० केल्विनला साधारण ४ × १०^-७. म्हणजे लाखो पट फरक. तेव्हा सूर्य मावळल्यावर इलेक्ट्रॉन संपायचे तर आधी ओ-प्लसने आपला चार्ज एखाद्या रेणूला दिला पाहिजे, आणि ते काम करणार कोण, एन-टू किंवा ओ-टू. दोघंही आळशी. ओ-टूचा रेट २ × १०^-११ म्हणजे एन-टूपेक्षा बरा, पण ओ-टू वर आहेच कितीसा.

३०० किमीवर एन-टू साधारण १०^८ धरा. १०^-१२ ने गुणलं तर १०^-४, म्हणजे ओ-प्लस १०,००० सेकंद टिकतो, जवळपास तीन तास, आणि वरच्या तापमानाला रेट आणखी कमी त्यामुळे त्याहून थोडा जास्तच. रेट १०^-९ असता तर दहा सेकंद. फक्त दहा! संध्याकाळ व्हायचा अवकाश की थर गायब, मग रात्री दूरदेशीची शॉर्टवेव्ह स्टेशनं ऐकायची विसरा. (वाऱ्यामुळे थर वर उचलला जातो, वरून प्लाझ्मा झिरपतो, ही मदत आहेच, पण दहा सेकंदांपुढे तिचा काय पाड लागणार.)

आणि हे नुसतं कागदावरचं नाही, एकदा चुकून प्रयोगच झालाय. १४ मे १९७३ ला स्कायलॅब नेणारं सॅटर्न-५ उडालं, त्याची दुसरी स्टेज ३०० किमीच्या वरही जळत होती, आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचं इंजिन म्हणजे धुरात पाणी आणि हायड्रोजन. दोघांचेही ओ-प्लसशी रेट १०^-९ च्या वर, ते आयन झाले की लगेच इलेक्ट्रॉन गिळतात. उपग्रहांच्या रेडिओ सिग्नलवरून वरचे इलेक्ट्रॉन मोजणाऱ्यांना दिसलं की हजारेक किलोमीटरच्या परिसरात संख्या धाडकन जवळपास निम्म्यावर आलीय. मायकेल मेंडिलो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ते छापलं, आणि स्पष्टीकरण द्यायला लॅबमधले रेट आधीच तयार होते. आता तर रॉकेट उडालं की लोक लाल डागांचे फोटो टाकतात, तो ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड याच रिकॉम्बिनेशनमधून सुटलेल्या ऑक्सिजनचा.

खवचट_खगोल

स्कायलॅबचं माहीत नव्हतं, मस्त. पण म्हणजे वरच्या हवेत जाऊन कुणी हा एन-टूवाला आकडा थेट तपासलाच नाही का? की बोल्डरवाल्यांनी सांगितलं आणि जगाने मान डोलावली?

अनुस्वार

तपासला की. १९७० च्या दशकात अ‍ॅटमॉस्फिअर एक्स्प्लोरर सी, डी आणि ई हे उपग्रह खास त्यासाठीच होते, एकाच जागी आयन, न्यूट्रल गॅस, इलेक्ट्रॉन आणि तापमान सगळं मोजत फिरायचे. मग एखाद्या ठिकाणी एनओ-प्लस जितका बनतोय तितकाच मरतोय असं धरायचं आणि बाकी सगळे आकडे घालून हवा तो रेट उलटा काढायचा. बहुतेक रिअ‍ॅक्शन लॅबशी जुळल्या, काही ठिकाणी मात्र उत्तेजित (आत जादा एनर्जी असलेला) ओ-प्लस धरल्याशिवाय हिशोब लागेना. तो थंड ओ-प्लसपेक्षा फार वेगळा वागतो, एन-टूला सरळ चार्ज देऊन टाकतो आणि तेही झपाट्याने.

निशाचर

ओके, मग हाच उत्तेजित ओ-प्लस लॅबच्या नळीतही असेल ना? तो १६ मासलाच दिसणार, मग वेगळा कसा काढता? आणि पाण्याचंही राहिलंच, ग्राफ देखणा येतो म्हणालात, मग पकडता कसं?

फ्लोट्यूबवाला

चांगला प्रश्न. उत्तेजित असेल तर लॉगची रेष सरळ येत नाही, आधी झपकन खाली येते आणि मग उतार मंदावतो, कारण चपळ आयन आधी संपतात आणि आळशी मागे राहतात. त्या मागच्या शेपटीचा उतार घ्यायचा. शिवाय नळीत आधीच असा गॅस थोडासा घालून ठेवायचा की जो उत्तेजितांना खाईल आणि साध्यांना फारसा हात लावणार नाही. १९७६ पासून सिफ्ट (सिलेक्टेड आयन फ्लो ट्यूब) आलं, बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत नायजेल अ‍ॅडम्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी केलेलं, त्यात आयन वेगळ्या जागी बनवून क्वाड्रुपोलने फक्त १६ मास निवडायचा आणि मगच हेलियमच्या धारेत सोडायचा. मूळचा ओ-टू, हेलियमचे उत्तेजित अणू, सगळी पिलावळ बाहेरच राहते. पण उत्तेजित ओ-प्लसचंही वजन १६च, तो निवडीतून सुटतो, त्यामुळे रेष वाकतेय का हे बघणं सिफ्टवाल्यांनाही चुकत नाही.

पाण्यासाठी १६ कडे बघून उपयोग नाही, प्रॉडक्टकडे बघायचं. सगळा ओ-प्लस ३० मासला, म्हणजे एनओ-प्लसकडे गेला पाहिजे. १८ ला शिखर डोकं वर काढायला लागलं, आणि त्याच्या मागोमाग १९, की समजायचं पाणी आहे, कारण एच-टू-ओ-प्लस दुसऱ्या पाण्याला भेटला की एच-थ्री-ओ-प्लस होतो. मग एन-टूची लाईन द्रव नायट्रोजनच्या कोल्ड ट्रॅपमधून घ्या, हेलियम द्रव नायट्रोजनने गार केलेल्या मॉलिक्युलर सीव्हमधून, पाइप हीटिंग टेप गुंडाळून रात्रभर तापवा, आणि सकाळी पुन्हा १८ बघा. नवीन माणूस लॅबमध्ये आला की पहिले काही आठवडे तो रिअ‍ॅक्शन मोजत नसतो, १८ आणि १९ च मोजत असतो.

जाता जाता, हेच १९ आणि ३७ मास १९६३ मध्ये नार्सिसी आणि बेली यांना रॉकेटवरच्या मास स्पेक्ट्रोमीटरने डी थरात दिसले होते, पाण्याचे गुच्छ लागलेले प्रोटॉन. तेव्हा अनेकांना वाटलं की रॉकेटनेच सोबत नेलेला ओलावा असणार. तो खरंच तिथला आहे आणि ओ-टू-प्लसपासून कसकसा बनतो हे जुळवायला नंतर बोल्डरच्या त्याच नळीला कामाला लावलं. तिथे मात्र तीन कणांच्या रिअ‍ॅक्शन येतात आणि दाब, तापमान सगळंच मध्ये कडमडतं. हवं असेल तर त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.